पेशी इन्सुलिनचं ऐकेनाशा का होतात?
निरोगी गरोदरपणात शरीर काय करतं, ते समजून घेऊ

विहारातली महिलांची रविवारची बैठक संपली, चटया गोळा झाल्या, तरी एक मुलगी दाराशीच थांबली होती. सातवा महिना. सोबत सासूबाई. मुलीने पिशवीतून कागद काढून आमच्या हातात दिले. कुणाच्या तरी सांगण्यावरून तिने एका खासगी लॅबमध्ये रक्ताचं मोठं पॅकेज करून घेतलं होतं. रिपोर्टच्या तळाशी छापलेलं होतं, 'इन्सुलिन रेझिस्टन्स वाढलेला'. तिने तो शब्द मोबाइलवर शोधला आणि त्या दिवसापासून भात बंद केला, भाकरी अर्धी केली, रात्रीचं जेवण जवळजवळ सोडलं. दोन दिवसांपूर्वी नळावर पाणी भरताना तिला चक्कर आली होती.

"सिस्टर, माझ्या अंगात इन्सुलिनच चालत नाही म्हणे. बाळाला काही होईल का?"

सासूबाई लगेच म्हणाल्या, "आमच्या घराण्यात कुणाला शुगर नाय. हिच्या माहेराकडूनच आलं असणार."

आम्ही कागद पुन्हा पाहिले. साखरेचे आकडे ठीक होते. मग माता-बाल संरक्षण कार्ड मागितलं. त्यात ग्लुकोज पाजून करायच्या तपासणीची जागा कोरी होती. म्हणजे पैसे मोजून केलेल्या तपासणीने तिला नको ती भीती दिली होती, आणि सरकारी दवाखान्यात फुकट होणारी गरजेची तपासणी राहूनच गेली होती.

त्या दोघींना जे समजावून सांगितलं, तेच या महिन्यात सगळ्यांसाठी लिहीत आहोत.

चावीवाला आणि घरोघरचे नळ

पाणी सोडणारा चावीवाला आपल्या ओळखीचा आहे. मोठ्या लाइनला पाणी कितीही असलं, तरी त्याने चावी फिरवल्याशिवाय आपल्या गल्लीत थेंब येत नाही. शरीरातही साधारण असंच आहे. आपण भाकरी, भात, पाव खातो, त्याची ग्लुकोज नावाची साखर होऊन ती रक्तात येते. रक्त ही मोठी लाइन. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशी ही घरं. त्या घरांत साखर नीट शिरायची, तर चावी फिरवणारा लागतो. तो चावीवाला म्हणजे इन्सुलिन. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव आहे, तो इन्सुलिन तयार करतो.

कधी कधी चावी जड होते. इन्सुलिन येतं, पेशीच्या दाराशी लागतं, पण दार पूर्वीइतकं उघडत नाही. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. मराठीत इन्सुलिन प्रतिरोध. साध्या भाषेत, पेशी इन्सुलिनचं पूर्वीसारखं ऐकत नाहीत.

हे ऐकलं की वाटतं, हा तर मधुमेह झाला. गरोदर बाईच्या बाबतीत तसं नाही. निरोगी गरोदरपणातही चावी जड होते. ती प्रत्येकीची होते, कुणाची कमी, कुणाची जास्त.

बाळाचं घर गल्लीच्या टोकाला

पहिल्या तीन-चार महिन्यांत आईच्या पेशी इन्सुलिनचं बऱ्यापैकी ऐकतात. त्या काळात शरीर चरबी साठवून घेतं, पुढच्या दिवसांची बेगमी करतं. पाचव्या महिन्यापासून चित्र बदलू लागतं. शेवटच्या महिन्यांत इन्सुलिनचा परिणाम दिवस जाण्याआधीच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर येतो.

यामागे कारण आहे. पोटातल्या बाळाचं मुख्य इंधन ग्लुकोज. ते त्याला आईच्या रक्तातूनच मिळतं, वारेमधून. बाळाचं घर गल्लीच्या अगदी टोकाला आहे असं समजा. अलीकडच्या घरांनी नळ पूर्ण उघडे ठेवले, तर टोकाच्या घराला पाणी पुरणार नाही. म्हणून आईच्या पेशी आपला नळ थोडा बारीक करतात. आईचे स्नायू साठवलेल्या चरबीवर जास्त काम भागवतात आणि साखर बाळासाठी राखली जाते.

पण नळ बारीक केले की लाइनमध्ये दाब वाढणार, म्हणजे रक्तात साखर वाढणार. ती वाढू नये म्हणून स्वादुपिंड जास्त चावीवाले पाठवतं. निरोगी बाईचं स्वादुपिंड शेवटच्या महिन्यांत आधीच्या दुपटी-तिपटीने इन्सुलिन तयार करतं. त्यामुळे पेशींनी ऐकणं कमी केलं तरी साखर हद्दीत राहते. त्या मुलीच्या अंगात हेच चाललं होतं. तिचं शरीर बिघडलं नव्हतं, ते दुप्पट कामाला लागलं होतं.

निरोप नेणारी प्रथिनं

आता प्रश्न असा की नळ बारीक करा हा निरोप आईच्या पेशींना देतं कोण?

मुख्य निरोप वारेकडून येतो. वार म्हणजे फक्त बाळाला जोडणारा मांसाचा गोळा नव्हे. ती नऊ महिने चालणारा कारखाना आहे. ती हार्मोन तयार करून आईच्या रक्तात सोडते. प्लासेंटल लॅक्टोजेन, वारेचं ग्रोथ हार्मोन, प्रोजेस्टेरॉन ही त्यांची नावं. कॉर्टिसॉल हे आईचं स्वतःचं हार्मोनही या काळात वाढतं. पूर्वी नर्सिंगच्या वर्गात आम्हाला एवढंच शिकवलं होतं की हार्मोनमुळे इन्सुलिनचं काम अडतं.

त्यानंतर शास्त्रज्ञांना आणखी काही निरोपे सापडले. ती आहेत सायटोकाइन नावाची प्रथिनं. हा शब्द तुम्ही ऐकलेला आहे. कोरोनाच्या काळात टीव्हीवर 'सायटोकाइनचं वादळ' म्हणायचे, तेच हे. आपल्या रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना निरोप द्यायला ही बारीक प्रथिनं वापरतात. जंतू शिरला, इकडे या, सूज आणा, ताप चढवा, किंवा आता पुरे, शांत व्हा, असे सगळे निरोप यांच्यातर्फे जातात. वादळ झालं तर घातक. एरवी ती रोजच्या रोज आपलं काम करत असतात.

गरोदरपणात त्यांना मोठं काम असतं. बाळ निम्मं आईचं, निम्मं बापाचं. आईच्या प्रतिकारशक्तीने त्याला परकं समजून हल्ला करू नये, पण जंतूंपासून मात्र आईचा बचाव व्हावा, असा तोल सांभाळायचा असतो. गर्भ रुजताना थोडी सूज लागते, मधले महिने शांततेचे असतात आणि बाळंतपण जवळ आलं की कळा सुरू व्हायला पुन्हा सुजेचे निरोप वाढतात. हे निरोप फक्त प्रतिकारक पेशीच देतात असं नाही. वार आणि आईच्या अंगातली चरबीही सायटोकाइन सोडते.

त्यांतल्या एकाचं नाव टी.एन.एफ.-अल्फा. १९७५ साली हे नाव पडलं, कारण उंदरांच्या अंगावरची गाठ मारून टाकणारा पदार्थ म्हणून तो सापडला होता. त्याचा साखरेशी संबंध असेल असं तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं. १९९३ साली अमेरिकेत बोस्टनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की लठ्ठ प्राण्यांच्या चरबीत हा पदार्थ जास्त तयार होतो, आणि तो अडवला तर इन्सुलिनचं काम सुधारतं.

तो करतो काय? इन्सुलिन पेशीच्या दाराला लागलं की आत एक निरोप हातोहात पुढे जातो, एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, तेव्हा कुठे साखर आत घेणारं दार उघडतं. टी.एन.एफ.-अल्फा या रांगेत सुरुवातीलाच उभ्या असलेल्या एका प्रथिनाचे हात ढिले करतो. निरोप पुढे जातो, पण मंद होऊन. दार उघडतं, पण अर्धं.

गरोदर बायकांमध्ये हे तपासलं ते अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात. जॉन किर्वन, पॅट्रिक कॅटॅलानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ बायकांची इन्सुलिनची तपासणी तीनदा केली, दिवस जाण्याआधी, गरोदरपणाच्या सुरुवातीला आणि शेवटच्या महिन्यांत. त्यांतल्या १० जणींची साखर नॉर्मल होती, ५ जणींना गरोदरपणातला मधुमेह होता. २००२ साली त्यांनी निष्कर्ष छापला. पेशींनी इन्सुलिनचं ऐकणं किती कमी झालं, याच्याशी सगळ्यात जवळचा संबंध टी.एन.एफ.-अल्फाच्या वाढीचा निघाला, वारेच्या हार्मोनपेक्षाही जवळचा. वारेतून निघणारा हा पदार्थ बहुतांश आईच्याच रक्तात जातो, हेही त्यांनी दाखवलं.

पण १५ बायकांवरून सगळ्या जगाचं ठरत नाही. पुढे इतर ठिकाणी झालेल्या अभ्यासांचा निकाल सारखा आला नाही. काहींना निरोगी बायकांमध्ये हा संबंध दिसला, काहींना दिसला नाही. इंटरल्युकिन-६ नावाच्या दुसऱ्या सायटोकाइनचंही तसंच. चरबीतून येणारं अॅडिपोनेक्टिन नावाचं प्रथिन इन्सुलिनला मदत करतं, ते गरोदरपणात जसजसे दिवस भरत जातात तसं कमी होतं. म्हणजे चावी जड करणारा एकटा कुणी नाही. हार्मोन, सायटोकाइन, चरबी, सगळे मिळून ते करतात. आणि वार बाहेर पडली की बाळंतपणानंतर काही दिवसांतच चावी पुन्हा हलकी होऊ लागते.

यावरून एक गोष्ट ध्यानात ठेवा. साध्या गरोदरपणात सायटोकाइनची किंवा इन्सुलिन रेझिस्टन्सची तपासणी करायची गरज नसते. कुणी पॅकेजमध्ये ती विकत असेल, तर ते पैसे अंडी-डाळीला लावा.

आजार कधी म्हणायचा?

चावी जड झाली आणि स्वादुपिंडाला जास्तीचं इन्सुलिन पुरवता आलं नाही, तर लाइनमध्ये पाणी तुंबतं. रक्तात साखर वाढते. तो गरोदरपणातला मधुमेह.

तुंबलेली साखर वारेतून बाळाकडे जाते. आईचं इन्सुलिन मात्र वारेतून पलीकडे जात नाही. मग बाळाचं इवलंसं स्वादुपिंड स्वतः जास्त इन्सुलिन बनवू लागतं. त्याने बाळ प्रमाणाबाहेर वाढतं, बाळंतपण अडतं, सिझेरियनची पाळी येऊ शकते. नाळ कापल्यावर बाळाकडे येणारी साखर एकदम थांबते, पण त्याच्या अंगातलं इन्सुलिन जास्तच असतं. त्यामुळे जन्मानंतर पहिल्या काही तासांत बाळाची साखर खाली जाऊ शकते. म्हणून अशा बाळाला जन्मल्याबरोबर अंगावर घ्यायचं आणि वेळोवेळी त्याची साखर तपासून घ्यायची. आईचा रक्तदाब वाढण्याचा धोकाही अशा वेळी जास्त असतो.

या आजाराला बहुतेक वेळा काहीच लक्षण नसतं. तहान लागते, थकवा येतो, पण ते तर सातव्या महिन्यात कुणालाही होतं. म्हणून तपासणीशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही.

"ती तर काडीसारखी, तिला कसली शुगर?"

असं म्हणणाऱ्या पुष्कळ भेटतात. पण आपल्याकडचं बारीक शरीर फसवं असतं. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या ६ गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होतं. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा ती बरीच हलकी होती, पण कमी होतं ते मुख्यतः मांस. चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे दिसायला बारीक, आतून चरबी. अशा शरीराला पुढे इन्सुलिनचं काम अडण्याचा धोका जास्त.

याचा अर्थ सरळ आहे. मुलगी लहानपणी उपाशी राहिली, सगळ्यांच्या मागून जेवली, तर त्याचा हिशोब तिच्या गरोदरपणात निघू शकतो. वजन काट्यावर कमी भरतं म्हणून तपासणी टाळू नका.

जंतुसंसर्गाकडेही दुर्लक्ष नको. लघवीला जळजळ, हिरड्यांतून रक्त आणि पू, अंगावर फोड, असं काही असेल तर सायटोकाइन जास्त सुटतात. मधुमेहाच्या रुग्णाला संसर्ग झाला की साखर कशी चढते, ते आम्ही वॉर्डात कितीदा तरी पाहिलं आहे. म्हणून असं काही असेल तर लगेच दाखवा. आणि मिश्री सोडा. ती हिरड्या खराब करते आणि बाळाचं वजन कमी करते.

फुकट होणारी तपासणी

सरकारी नियमाप्रमाणे प्रत्येक गरोदर बाईची ही तपासणी दोनदा व्हायला हवी. पहिली, नाव नोंदवायला जाल तेव्हा. ती नॉर्मल आली तर दुसरी २४ ते २८ आठवड्यांत, म्हणजे सहावा-सातवा महिना. सातवा उलटून गेला असेल तरी करून घ्या.

• उपाशीपोटी जायची गरज नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिलिलिटर पाण्यात घालून देतात. ते पाच-दहा मिनिटांत पिऊन संपवायचं.
• मग दोन तास तिथेच बसायचं, मध्ये काही खायचं नाही. दोन तासांनी रक्त घेतात.
• अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची. तसं सिस्टरला सांगायचं, लपवायचं नाही.
• आकडा १४० मि.ग्रॅ. किंवा त्याहून जास्त आला तर गरोदरपणातला मधुमेह धरतात.

उपाशी न राहता एकाच खेपेत होणारी ही पद्धत रुजावी म्हणून चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्यांनी अनेक वर्षं खटपट केली. लांबून आलेल्या बाईला पुन्हा उपाशी बोलावलं तर ती येतच नाही, हे त्यांनी ओळखलं. दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्यात जाणाऱ्या आपल्या बायकांना याचं मोल वेगळं सांगायला नको. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची खास तपासणी असते, त्या दिवशी जा.

आकडा जास्त आला म्हणून घाबरू नका. आधी दोन आठवडे आहार आणि चालणं. मग जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या खाली आली तर तेच पुढे चालू ठेवायचं. नाही आली तर डॉक्टर गोळी किंवा इन्सुलिन देतात. इन्सुलिनचं इंजेक्शन बाळाला बाधत नाही आणि एकदा घेतलं की जन्मभर लागतं हेही खरं नाही. पण बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी साखर पुन्हा तपासायची आणि पुढे दर वर्षी. कारण अशा बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो.

ताटात काय, वेळ काय

उपाशी राहणं हा उपाय नाही. गरोदर बाईचं शरीर साखर बाळासाठी राखतं, म्हणून फार वेळ पोट रिकामं राहिलं की तिच्या अंगातली चरबी भराभर जळते आणि रक्तात कीटोन नावाचे पदार्थ वाढतात. ते बाळासाठी चांगले नाहीत. म्हणून भात सोडू नका, बेतात घ्या. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ किंवा उसळ, पालेभाजी, अंडं, सुकट, बोंबील, मासळी, जे परवडेल ते. तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीनदा थोडं थोडं, मूठभर फुटाणे, शेंगदाणे, ताक. गोड चहा, बिस्किटं, खारी, वडापाव कमी. 'दोन जिवांची आहेस, दुप्पट खा' हेही चुकीचं. थोडंच जास्त लागतं, पण कसदार लागतं. डॉक्टरांनी आराम सांगितला नसेल तर जेवणानंतर वीस-तीस मिनिटं चाला.

पौर्णिमेला अष्टशील पाळणाऱ्या आपल्या घरांत दुपारनंतर जेवत नाहीत. गरोदर बाईने ते पाळू नये. बाळ झालं, अंगावरचं दूध तुटलं, की मग खुशाल पाळावं.

दोष कुणाचाच नाही

त्या दिवशी सासूबाईंना आम्ही एवढंच म्हणालो, "मावशी, हे माहेरून आलेलं नाही आणि सासरहूनही नाही. तुमच्या नातवासाठी तिचं शरीर साखर राखून ठेवतंय. तुमच्या वेळी तुमच्याही अंगाने हेच केलं असणार." मावशी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आमच्या वेळी कुणी सांगितलं नाय."

पुढच्या ९ तारखेला त्या स्वतः सुनेला घेऊन दवाखान्यात गेल्या आणि दोन तास तिच्याशेजारी बाकावर बसून राहिल्या. आकडा १४० च्या खाली आला. त्या रात्री ती पोरगी पोटभर जेवली.

तुमच्या घरात, शेजारी, चाळीत कुणी गरोदर असेल, तर आज तिचं कार्ड उघडा. रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन यांच्याबरोबर साखरेच्या तपासणीचा आकडा लिहिलेला आहे का, ते पाहा. कोरा असेल तर आशाताईंना गाठा आणि तारीख ठरवा. जिला एकटीने जाणं जमत नसेल, तिच्यासोबत कुणीतरी जा. दोन तास बाकावर बसायला सोबत असली की ते दोन तास जड जात नाहीत.